व्हॅनचा फ्यूज उडाला तर: शोधायचा कसा, बदलायचा कसा, आणि परत का उडतो

शाळेची मुलं नेणारी ओम्नी, दूध-भाजी वाहणारी ईको, लग्नाच्या वऱ्हाडाला जाणारी ट्रॅव्हलर, वस्तीवरून बाजारापर्यंत फेऱ्या मारणारी मॅजिक. या गाड्या दिवसभर राबतात, आणि बहुतेकींत मालकाने आपल्या सोयीने काही ना काही वायरिंग वाढवलेलं असतं: जादा हॉर्न, कॅमेरा, पंखा, मागे सामानाच्या जागी एक दिवा. त्यामुळे फ्यूजचे प्रश्नही ठरलेलेच. खालची माहिती १२ व्होल्टच्या गाड्यांसाठी आहे. ओम्नीचं उत्पादन २०१९ मध्ये थांबलं, तरी रस्त्यावर ती भरपूर दिसते, म्हणून जुन्या गाड्याही लक्षात घेतल्या आहेत. फ्यूजची नेमकी जागा आणि क्रमांक गाडीगणिक बदलतात. त्या बाबतीत गाडीसोबत मिळालेलं पुस्तक आणि फ्यूज बॉक्सच्या झाकणावरचा तक्ता हेच प्रमाण माना.

बिघाड फ्यूजचाच आहे, हे कसं ओळखायचं?

एकाच वेळी किती गोष्टी बंद पडल्या, ते आधी बघा. एकाच बाजूचा हेडलाईट गेला तर पहिला संशय बल्बवर घ्या. उजवीकडचा इंडिकेटर भराभर लुकलुकतोय, डावा नीट चालतोय, तर उजव्या बाजूचा एक बल्ब गेलाय. त्यात फ्यूजचा संबंध नाही. पण पार्किंग लाईट, नंबर प्लेटचा दिवा आणि डॅशबोर्डवरच्या मीटरमागचा उजेड हे तिन्ही एकदम गेले, किंवा हॉर्नबरोबर ब्रेक लाईटही गेले, तर फ्यूज बॉक्स उघडायला हवा. एका फ्यूजवर अनेक गोष्टी चालतात. तो गेला की सगळ्या एकत्र जातात.

दोन्ही हेडलाईट एकाच वेळी गेले तर मात्र थांबून विचार करा. बऱ्याच गाड्यांत डाव्या आणि उजव्या हेडलाईटला वेगवेगळा फ्यूज असतो. दोन्ही फ्यूज एका क्षणी जाणं दुर्मीळ. अशा वेळी रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा, विजेवर चालणारा स्विच), स्टिअरिंगखालचा कॉम्बिनेशन स्विच (दिवे-इंडिकेटरची दांडी) किंवा दोघांना पुरवठा करणारी मुख्य लाईन तपासा.

फ्यूज बॉक्स कुठे असतो?

बहुतेक व्हॅनमध्ये दोन ठिकाणी. एक केबिनमध्ये, साधारण डॅशबोर्डच्या खाली ड्रायव्हरच्या बाजूला. त्यात दिवे, हॉर्न, वायपर, रेडिओ यांचे छोटे फ्यूज असतात. दुसरा बॅटरीजवळ, जाड फ्यूजचा. ओम्नी-ईकोसारख्या गाड्यांत इंजिन पुढच्या सीटखाली असल्यामुळे लोक बोनेट शोधत बसतात. तिथे काही सापडत नाही म्हणून गोंधळून जाऊ नका. बॅटरीच्या अधिक टर्मिनलवरून निघणारी जाड लाल वायर कुठे जाते ते बघितलं की मुख्य फ्यूज सापडतो.

केबिनमधला बॉक्स बघताना खाली वाकून मान मोडण्यापेक्षा दार उघडा, बाहेर उकिडवे बसा आणि टॉर्च मारा. मोबाईलने एक फोटो काढून ठेवा. झाकणावरची बारीक अक्षरं त्यात मोठी करून वाचता येतात, आणि कुठला फ्यूज कुठे होता याची नोंदही आपोआप राहते.

झाकणच हरवलंय. आता कोणता फ्यूज कशाचा, ते कसं कळणार?

पुस्तक असेल तर प्रश्न मिटला. तेही नसेल तर एकेक फ्यूज काढून बघत बसू नका. सगळे फ्यूज जागेवर ठेवूनच टेस्ट लॅम्पने (एका बाजूला टोकदार सळई, दुसऱ्या बाजूला क्लिपची वायर असलेला छोटा दिवा) तपासता येतात, ते पुढे सांगितलं आहे. गेलेला फ्यूज सापडला की त्या खाचेवर मार्करने लिहून टाका. हळूहळू सगळ्या बॉक्सचा तक्ता तयार होतो. जुनी गाडी विकत घेतली असेल तर एका रविवारी बसून हे काम करून टाकाच. रात्री रस्त्यात अडकल्यावर त्याची किंमत कळते.

नुसतं बघून उडालेला फ्यूज ओळखता येतो का?

बहुतेक वेळा हो. हल्ली सगळीकडे प्लास्टिकचे, दोन चपट्या पायांचे ब्लेड फ्यूज असतात. आरपार दिसणाऱ्या प्लास्टिकच्या आत एका पायापासून दुसऱ्या पायापर्यंत जाणारी धातूची बारीक पट्टी असते. ती मधे तुटलेली किंवा वितळलेली दिसली की फ्यूज गेला. उजेडासमोर धरून बघा.

पण डोळ्यावर पूर्ण भरवसा ठेवू नका. कधी कधी पट्टीला पायाजवळ केसाएवढी चीर गेलेली असते आणि बाहेरून फ्यूज अगदी धडधाकट दिसतो. खड्ड्यांच्या रस्त्यावर चालणाऱ्या जुन्या गाड्यांत हे होतं. असा फ्यूज मधेच चालतो, मधेच बंद पडतो, आणि माणूस सगळं वायरिंग उसकटत बसतो. शंका आली की मल्टिमीटर लावा (व्होल्ट-अँपिअर मोजायचं यंत्र, पुढे नुसतं मीटर म्हटलं आहे).

टेस्ट लॅम्पने किंवा मीटरने कसं तपासायचं?

ब्लेड फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक भोकं असतात, आत धातू चमकताना दिसतो. ती तपासणीसाठीच ठेवलेली आहेत. चावी ऑन करा, ज्या गोष्टीचा फ्यूज बघायचाय तिचा स्विचही चालू करा. टेस्ट लॅम्पची क्लिप गाडीच्या बॉडीला लावा. रंग नसलेला, गंज नसलेला, उघड्या धातूचा बोल्ट निवडा. रंगावर लावलेली क्लिप तुम्हाला खोटं उत्तर देईल. म्हणून आधी टोक एखाद्या चालू लाईनला लावून लॅम्प पेटतोय याची खात्री करून घ्या.

मग टोक फ्यूजच्या एका भोकाला लावा, नंतर दुसऱ्या.

दोन्हीकडे लॅम्प पेटला तर फ्यूज चांगला आहे, दोष पुढे आहे. एकीकडे पेटला आणि दुसरीकडे नाही, तर फ्यूज उडाला. दोन्हीकडे पेटला नाही, तर फ्यूजपर्यंत करंटच पोचत नाही: चावी ऑफ असेल, रिले काम करत नसेल किंवा मुख्य फ्यूज गेला असेल.

मीटरने तपासायचं तर फ्यूज बाहेर काढा, मीटर कंटिन्युइटीवर (वायर सलग आहे का, हे बघायच्या खुणेवर) ठेवा आणि दोन्ही पायांना टोकं लावा. ‘बीप’ वाजला तर फ्यूज चांगला. गाडीतच व्होल्ट बघायचे असतील तर मीटर डीसी व्होल्टच्या २० च्या पट्ट्यात ठेवा आणि वरचीच पद्धत वापरा. मीटरची लाल वायर अँपिअरच्या भोकात राहिली असेल तर ती आधी व्होल्टच्या भोकात आणा. अँपिअरवर ठेवलेला मीटर बॅटरी आणि बॉडीला जोडला तर तो थेट शॉर्ट होतो.

एक गोष्ट कटाक्षाने पाळा. एअरबॅगच्या वायरिंगला टेस्ट लॅम्प लावायचा नाही. त्याचे कनेक्टर बहुधा पिवळे असतात. इंजिनच्या ईसीयूच्या (इंजिन चालवणारा छोटा कॉम्प्युटर) आणि सेन्सरच्या वायरींनाही बल्बचा टेस्ट लॅम्प नको, तिथे मीटरच वापरा.

बदलायचा कसा? बॅटरी काढावी लागते का?

छोट्या ब्लेड फ्यूजसाठी बॅटरी काढायची गरज नाही. चावी ऑफ करा, त्या गोष्टीचा स्विच बंद करा. फ्यूज बॉक्समध्येच बऱ्याचदा प्लास्टिकचा छोटा चिमटा अडकवलेला असतो, त्याने फ्यूज पकडून सरळ वर ओढा. चिमटा नसेल तर बारीक तोंडाच्या पकडीने हळू काढा. वेडावाकडा हलवला तर खाचेतली स्प्रिंगसारखी पितळी क्लिप फाकते. ती फाकली की नवा फ्यूज सैल बसतो, तिथे उष्णता होते आणि काही दिवसांनी खाच वितळते.

नवा फ्यूज त्याच आकाराचा आणि त्याच अँपिअरचा घ्या, बोटाने तळापर्यंत दाबून बसवा, मग स्विच चालू करून बघा. ब्लेड फ्यूजला उलटसुलट बाजू नसते, कसाही बसवला तरी चालतो.

फ्यूजचे रंग आणि आकडे काय सांगतात?

डोक्यावरचा आकडा म्हणजे अँपिअर. रंग आकड्याशी बांधलेला असतो, त्यामुळे अंधारातही चटकन ओळखता येतो. ३ अँपिअर जांभळा, ५ फिकट खाकी, ७.५ तपकिरी, १० लाल, १५ निळा, २० पिवळा, २५ पारदर्शक, ३० हिरवा. नेहमीच्या आणि मिनी अशा दोन्ही आकारांत हेच रंग चालतात. खाकी आणि तपकिरीत लोक फसतात, म्हणून आकडा वाचाच.

रंग सारखा असला तरी आकार वेगळा असू शकतो, हे दुकानात विसरायला होतं. जुना फ्यूज खिशात घालून घेऊन जा. फार जुन्या गाड्यांत काचेच्या नळीचे फ्यूज सापडतात. त्यांची लांबीही जुळावी लागते.

१० चा फ्यूज सारखा उडतो. १५ चा किंवा २० चा लावला तर काय बिघडतं?

या एका प्रश्नासाठी अख्खं पान लिहावं, इतका तो महत्त्वाचा आहे. फ्यूज दिव्याला किंवा हॉर्नला वाचवण्यासाठी बसवलेला नसतो. तो वायरला वाचवतो. १० अँपिअरच्या लाईनमधली वायर त्या हिशोबाने बारीक असते. तिथे २० चा फ्यूज लावला की शॉर्टच्या वेळी फ्यूज शांत बसतो आणि वायर तापते. वायर एकटी नसते. डॅशबोर्डमागे इतर वीस-पंचवीस वायरींच्या जुडग्यात ती गुंडाळलेली असते. तिचं कवच वितळलं की शेजारच्या वायरीही उघड्या पडतात. मग धूर येतो तो कुठल्या एका वायरचा नसतो, आणि तोपर्यंत फ्यूज काढूनही उपयोग नसतो.

फ्यूज आकडा ओलांडल्या क्षणी उडतो, असंही समजू नका. ब्लेड फ्यूजच्या ठरलेल्या मानकांनुसार तो आपल्या आकड्याच्या ११० टक्के करंट तासन् तास सोसतो. १३५ टक्क्यांना दहा मिनिटांच्या आत उडायला हवा, आणि दुप्पट करंटला पाच सेकंदांच्या आत. म्हणजे १० चा फ्यूज तेरा-चौदा अँपिअरला काही मिनिटं तग धरू शकतो. २० चा फ्यूज लावलात तर २७ अँपिअर करंट दहा मिनिटं वाहू शकेल, तोही १० अँपिअरसाठी दिलेल्या वायरीतून. ईको किंवा ओम्नीत सीटच्या खाली इंजिन, मागे सामान किंवा मुलं, आणि कित्येक गाड्यांत सीएनजीची टाकी. अशा गाडीत हा धोका कोणीही पत्करू नये.

१५ चा फ्यूज उडाला आणि हाताशी १० चाच आहे, तर तो तात्पुरता लावायला हरकत नाही. फार तर तोही उडेल. नुकसान काही होणार नाही.

सिगारेटच्या पाकिटातली चांदी किंवा तारेचा तुकडा लावून घरी पोचता येईल का?

नाही. त्याची क्षमता किती, हे कोणीच सांगू शकत नाही. वायर जळेपर्यंत तो टिकू शकतो. गाडीत फ्यूज नसेल तर दुसऱ्या लाईनचा काढून वापरा, ते खाली घाटाच्या प्रश्नात सांगितलं आहे.

नवा फ्यूज लावला आणि लगेच उडाला. आता?

दुसरा लावू नका. लगेच उडाला याचा अर्थ लाईन कुठेतरी थेट बॉडीला टेकलेली आहे. आता फ्यूजमागून फ्यूज जाळण्यापेक्षा वायरमन लोकांची जुनी पद्धत वापरा: फ्यूजच्या जागी बल्ब.

इंडिकेटरचा २१ वॅटचा एक बल्ब घ्या, होल्डरसकट. त्याच्या दोन वायरींना फ्यूजच्या पायासारख्या चपट्या पिना लावा आणि त्या उडालेल्या फ्यूजच्या खाचेत बसवा. शॉर्ट असेल तर हा बल्ब पूर्ण तेजाने पेटेल, पण त्यातून दोन अँपिअरपेक्षाही कमी करंट जातो. वायर सुरक्षित राहते आणि तुम्हाला निवांत शोध घेता येतो. बल्ब भलताच तापतो, सीटवर किंवा प्लास्टिकवर टेकवून ठेवू नका.

समजा ईकोच्या पार्किंग लाईटचा फ्यूज उडतोय. आधी त्या लाईनवरचे सगळे बल्ब काढून घ्या: पुढचे दोन, मागचे दोन, नंबर प्लेटचा. डॅशबोर्डवरच्या मीटरमागचे दिवे काढणं अवघड असेल तर तेवढे राहू द्या, त्यांनी फ्यूजच्या जागचा बल्ब फार तर मंद पेटेल. आता खाचेत २१ वॅटचा बल्ब बसवून पार्किंगचा स्विच चालू करा. बल्ब अंधारा किंवा अगदी मंद राहिला तर वायर चांगली आहे आणि दोष काढलेल्या बल्बांपैकी एकात किंवा त्याच्या होल्डरमध्ये आहे. एकेक बल्ब परत बसवत जा. ज्या क्षणी खाचेतला बल्ब एकदम भगभगीत पेटेल, तिथे तुमचा चोर.

सगळे बल्ब काढूनही तो पूर्ण तेजाने पेटत असेल तर शॉर्ट वायरमध्ये आहे. आता कनेक्टर सोडवत जा. मागच्या डाव्या लाईटचा, मग उजव्याचा, मग मागच्या दाराचा. बल्ब विझला की शॉर्ट त्या कनेक्टरच्या पलीकडे. एकटे असाल तर बल्ब आरशातून दिसेल असा टांगा, किंवा कोणाला तरी समोर बसवून ‘गेला की हाक मार’ म्हणून सांगा.

व्हॅनमध्ये एक जागा हमखास बघावी: वर उघडणारं मागचं दार. नंबर प्लेटच्या दिव्याची वायर, आणि असेल तर मागचा वायपर आणि कॅमेऱ्याची वायर बिजागरीजवळच्या रबरी नळीतून दारात जाते. सामानाच्या गाडीचं दार दिवसातून कितीतरी वेळा उघडतं. वायर रोज त्याच जागी वाकते. वरचं कवच आधी कडक होतं, मग तडकतं, आणि आतली तांब्याची तार पत्र्याला घासते. खाचेत बल्ब बसवलेला असताना दार सावकाश वर-खाली करा. दार विशिष्ट उंचीवर गेल्यावर बल्ब पेटत-विझत असेल तर रबरी नळी मागे सरकवा; तडकलेली वायर तिथेच सापडते. नुसती काळी टेप गुंडाळून दारातली वायर टिकत नाही. तेवढा तुकडा कापून त्याच जाडीची नवी, लवचिक वायर जोडा, जोड बिजागरीपासून दूर घ्या आणि वर हीटश्रिंक नळी (उष्णतेने आकसून घट्ट बसणारी प्लास्टिकची नळी) चढवा.

लगेच उडत नाही, पण आठ-पंधरा दिवसांनी उडतोच. हे कशामुळे?

दोन शक्यता. एक म्हणजे वायर एखाद्या खड्ड्यात, वळणावर किंवा दार आपटल्यावरच टेकते. फ्यूज नेमका कधी उडाला ते लिहून ठेवायला लागा. रिव्हर्स टाकल्यावर, ब्रेक दाबल्यावर, पावसात, सामान भरलेलं असताना. चार-पाच नोंदींत दिशा मिळते. ब्रेक दाबल्यावर मागचे पार्किंग लाईटही विचित्र वागत असतील तर दोन फिलॅमेंटचा २१/५ वॅटचा बल्ब काढून बघा. त्यातली एक तार तुटून दुसरीवर पडलेली असू शकते.

दुसरी शक्यता जादा भाराची. हिशोब सोपा आहे: वॅटला व्होल्टने भागा. मूळचा ५५ वॅटचा एक हेडलाईट साधारण ४.६ अँपिअर घेतो. त्याजागी ९० वॅटचा घातला की साडेसात. फ्यूजवर, स्विचवर आणि होल्डरवर ताण तितकाच वाढतो, आणि पहिला बळी बहुतेक वेळा होल्डरचा जातो. कनेक्टर पिवळा पडतो, मग वितळतो. वायपरच्या लाईनवर फ्यूज जात असेल तर वायपरची जोडणी जाम झालीय का बघा. कोरड्या काचेवर चालवलेला किंवा सांध्यात गंजलेला वायपर मोटरला जड जातो, आणि जड झालेली मोटर जास्त करंट ओढते.

उडालेल्या फ्यूजकडे बघून कारण कळतं का?

बरंच कळतं, म्हणून तो लगेच फेकू नका. पट्टी पार नाहीशी झालीय आणि प्लास्टिकला आतून काळा-चंदेरी फवारा बसलाय, तर तो शॉर्ट: करंट एकदम आला. पट्टी फक्त मधे वितळून थेंबासारखी लोंबलीय आणि प्लास्टिक स्वच्छ आहे, तर जादा भार: करंट मर्यादेच्या थोडा वर, पण बराच वेळ. पट्टी शाबूत आहे पण प्लास्टिक पायाजवळ वितळलंय, पाय काळे-निळे झालेत, तर दोष खाचेचा आहे. फ्यूज तिथे सैल बसतो आणि सांध्याच्या जागी उष्णता होते. हा तिसरा प्रकार बहुतेकांच्या लक्षात येत नाही. फ्यूज बदलून काही होत नाही. ती क्लिप बदलावी लागते किंवा लाईन शेजारच्या रिकाम्या, चांगल्या खाचेत हलवून घ्यावी लागते.

पावसाळ्यातच हा त्रास का होतो?

मागच्या लाईटच्या काचेचं रबर कडक झालेलं असतं, पाणी आत जातं, होल्डरमध्ये साचतं. कोकणात आणि गोव्यात खारी हवा भर घालते: कनेक्टरच्या पिनांवर हिरवट पूड दिसते, ती तांब्याचा गंज. सीटखालची आणि फरशीवरच्या मॅटखालची वायरिंगही ओल धरते, कारण गाडी धुताना पाणी आत सोडायची पद्धत आहे. जूनच्या आधी मागचे दोन्ही लाईट उघडा, रबर बदला, कनेक्टर इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करा. फ्यूज बॉक्सवर थेट पाण्याचा फवारा कधीच नको.

उंदरांनी वायरिंग कुरतडलंय असं वाटतं.

गाडी गोठ्याजवळ, धान्याच्या गोदामात किंवा बरेच दिवस एकाच जागी उभी असेल तर शंका रास्त आहे. फ्यूज बदलण्याआधी टॉर्च घेऊन सीटखाली आणि इंजिनच्या आजूबाजूला लेंड्या, चिंध्या, कागदाचे कपटे दिसतात का बघा. उंदीर एक वायर कुरतडून थांबत नाही, म्हणून एक जोड देऊन गाडी सुरू करू नका. पेट्रोल किंवा गॅसची नळीही चावलेली नाही ना, हे आधी बघा. वास आला तर चावीला हातही लावू नका.

रात्री घाटात फ्यूज उडाला आणि स्पेअर नाही. काय करू?

आधी गाडी सुरक्षित जागी घ्या. कसारा किंवा खंबाटकीसारख्या घाटात वळणावर थांबणं हाच मोठा धोका. डावीकडे, वळण संपल्यावर, रस्ता रुंद असेल तिथे थांबा, हॅझर्ड (चारही इंडिकेटर एकदम) लावा, इशाऱ्याचा लाल त्रिकोण मागे दूर ठेवा, माणसं वाहतुकीच्या बाजूला उभी नकोत. हॅझर्डला बहुधा वेगळा फ्यूज असतो, त्यामुळे इंडिकेटर गेले तरी तो चालण्याची शक्यता आहे.

मग त्याच अँपिअरचा फ्यूज रेडिओच्या, सिगारेट लायटरच्या किंवा एसी-ब्लोअरच्या लाईनमधून काढून लावा. वायपर, ब्रेक लाईट आणि हॉर्नचा फ्यूज कधीही काढायचा नाही. पावसाळ्यात ब्लोअरही राहू द्या. आंबोलीच्या धुक्यात काच आतून धरली की पुढचं काही दिसत नाही. हेडलाईट किंवा ब्रेक लाईट चालूच होत नसेल तर घाट उतरू नका. उजाडेपर्यंत थांबा किंवा गाडी ओढून न्यायला मदत मागवा.

फ्यूज चांगला आहे, तरी चालत नाही. मग काय बघायचं?

क्रमाने: बल्ब, रिले, स्विच, अर्थ. हॉर्नचं बटण दाबल्यावर फ्यूज बॉक्सजवळ ‘टिक’ ऐकू आलं तर रिले निदान खेचतोय. तसाच क्रमांक असलेला दुसरा रिले बॉक्समध्ये असेल तर अदलाबदल करून बघा. अर्थ म्हणजे दिव्याकडून बॉडीकडे जाणारी वायर; तिचा बोल्ट गंजला की दिवा मंद पेटतो, किंवा एक दिवा लावला तर भलताच दुसरा मिणमिणतो. बोल्ट काढा, पत्रा घासून चकचकीत करा, परत घट्ट आवळा. फुकटातला उपाय आहे आणि बऱ्याच वेळा तोच लागू पडतो.

गाडी पूर्ण मेली. दिवा नाही, हॉर्न नाही, काहीच नाही.

बॅटरीचे टर्मिनल सैल आहेत का बघा, मग मुख्य फ्यूज. तो अनेक गाड्यांत बोल्टने आवळलेला असतो, ओढून निघत नाही. त्याला हात लावण्याआधी बॅटरीचं वजा टर्मिनल सोडवा. आधी वजा, मग अधिक. बसवताना आधी अधिक, मग वजा. अधिकचा बोल्ट सोडवताना पाना बॉडीला टेकला तर मोठी ठिणगी उडते, पण वजा सुटलेलं असेल तर काही होत नाही. मुख्य फ्यूज सहजासहजी जात नाही. बॅटरी उलटी जोडणं, जंप स्टार्ट देताना वायरी चुकणं, जाड वायर पत्र्याला घासणं ही नेहमीची कारणं. कारण सापडल्याशिवाय नवा बसवू नका.

मला मागे दिवे, पंखा किंवा छोटा इन्व्हर्टर लावायचाय. फ्यूज कुठला निवडू?

चालू लाईनला टॅप मारून (तिच्यातच वायर जोडून) घेऊ नका. बॅटरीच्या अधिक टर्मिनलवरून स्वतंत्र वायर घ्या आणि तिच्यावर बॅटरीपासून एका वितीच्या आत फ्यूज होल्डर बसवा. टर्मिनल आणि फ्यूज यांच्यामधल्या वायरला कोणतंच संरक्षण नसतं, म्हणून ते अंतर जितकं कमी तितकं बरं. फ्यूज वायरच्या जाडीवर ठरवा: ०.७५ चौरस मि.मी.ला ७.५ अँपिअर, १.५ ला १५, २.५ ला २०. ३०० वॅटचा इन्व्हर्टर पूर्ण भाराला १२ व्होल्टवर २५ अँपिअरच्या वर ओढतो, त्याला सिगारेट लायटरचं सॉकेट पुरत नाही. त्या सॉकेटची लाईन साधारण १० ते १५ अँपिअरची असते. वायर पत्र्याच्या भोकातून न्यायची असेल तर रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेवर बसणारी कडी) घालाच. नुसत्या कापलेल्या पत्र्याच्या कडेने वायर सोलवटायला एक पावसाळा पुरतो.

सीएनजी किट बाहेरून बसवलंय. त्याचा फ्यूज वेगळा असतो का?

बहुधा हो. बॅटरीजवळ किटच्या वायरिंगमध्ये छोट्या होल्डरात असतो. गाडी पेट्रोलवर चालते पण सीएनजीवर जात नाही, स्विचवरचे दिवेही लागत नाहीत, तर तो बघा. एकदा बदलून चालला तर ठीक. परत उडाला तर किट बसवणाऱ्या अधिकृत केंद्रातच न्या; गॅसच्या व्हॉल्व्हच्या वायरिंगवर घरचे प्रयोग नकोत.

कोणत्या कामाला स्वतः हात लावायचा नाही?

एअरबॅगचा फ्यूज सतत जात असेल, एबीएसचा (जोरात ब्रेक लावल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) दिवा पेटून राहिला असेल, वायरिंगला जळका वास येत असेल, फ्यूज बॉक्स वितळला असेल. आणि इलेक्ट्रिक व्हॅन असेल तर नारिंगी रंगाच्या जाड केबलच्या जवळपासही जायचं नाही, त्यातला विजेचा दाब जीवघेणा असतो. इलेक्ट्रिक गाडीतही दिवे-हॉर्नची १२ व्होल्टची लाईन वेगळी असते. तिचे छोटे फ्यूज मात्र वर सांगितल्याप्रमाणेच बदलता येतात.

गाडीत काय काय ठेवावं?

आपल्या गाडीत जे जे फ्यूज आहेत, त्या प्रत्येक आकड्याचे दोन. १० आणि १५ चे चार-चार. एक फ्यूज दहा रुपयांच्या आतबाहेर मिळतो. चिमटा, टेस्ट लॅम्प, छोटी टॉर्च, मार्कर, आणि २१ वॅटचा तो पिना लावलेला बल्ब कागदात गुंडाळून. सगळं एका डबीत, आणि डबी ड्रायव्हरच्या हाताला लागेल अशी. मागे सामानाखाली गेली तर गाडी रिकामी केल्याशिवाय मिळणार नाही. स्वस्तातले बिननावाचे फ्यूज घेऊ नका, काहींची पट्टी आकड्यापेक्षा जाड असते आणि ते वेळेवर उडत नाहीत. वापरलेल्याच्या जागी नवा आणून ठेवायचं काम त्याच दिवशी करा.